एकशे तेरा ठिपके

पाकिस्तानशी लढाई झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी बंगलोरला एका आटलेल्या तळ्यात रांगोळी काढली. ती आडवी-उभी जवळजवळ तीनशे फूट होती. काढायला पाच आठवडे लागले आणि ती कशासाठी काढली हे सांगायला तीन दिवस. तीन दिवसांनंतरही ते कुणाला नीट सांगता आलं, असं मला वाटत नाही.

आम्ही मूळचे मिरजेचे. लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांना बंगलोरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. वसाहतीत घर मिळायला नंबर लागत नव्हता, म्हणून मारतहळ्ळीच्या वाटेवर भाड्याचं घर घेतलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तळं. तळ्याला इथे केरे म्हणतात. घर दाखवणाऱ्या माणसाने केरेचा उल्लेख दोनदा केला होता, एकदा वाऱ्यासाठी आणि एकदा डासांसाठी.

ह्यांचं काम लॉफ्टमध्ये होतं. लॉफ्ट म्हणजे माळा नव्हे. तो एक मोठा हॉल, त्याच्या जमिनीवर विमानाचे भाग खऱ्या मापात आखतात. पंख वीस फुटांचा असेल तर रेघही वीस फुटांची. जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून तिथे सगळे बूट काढून, नुसत्या मोज्यांवर चालत आणि दिवसभर गुडघ्यांवर असत. ह्यांच्या विजारी गुडघ्यांवर फाटत आणि मोजे टाचेला. बाकी माणूस शाबूत घरी येई.

मला चित्रकलेची आवड होती. मिरजेला असताना सरकारी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या आणि दोन्हींत चांगली श्रेणी होती. पुढे मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जायचं म्हटल्यावर वडील म्हणाले, "लग्न झाल्यावर बघू." लग्न झाल्यावर कुणी बघितलं नाही. मीही नाही. रोज सकाळी ओट्यापुढे दीड हाताची रांगोळी काढायची, एवढं चित्र उरलं होतं. सहाला काढलेली रांगोळी साडेसहाला गवळ्याची गाय तुडवत असे. इकडे गवळी गाय दारात आणूनच दूध काढून देई. यात गाईची चूक नव्हती. दुसरीकडून यायला वाट नव्हती.

शेजारी एक अक्का राहत. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगलोरला. घरात मराठीच बोलत, म्हणजे क्रियापदं मराठी असत. अक्कांनी मला इकडची रांगोळी शिकवली. आमच्याकडे ठिपके जोडतात. इकडे ठिपक्यांना वळसे घालतात, एकाच रेघेने, आणि ती रेघ कुठेही न तुटता जिथून निघाली तिथे परत यावी लागते. एकही ठिपका वळशाबाहेर राहता कामा नये. अक्का सहज म्हणून पंधरा ठिपक्यांची काढत. मधल्या ओळीत पंधरा, वर आणि खाली तेरा, अकरा, नऊ असं उतरत एकापर्यंत. एकूण एकशे तेरा. अक्कांच्या अंगणात ती मावत असे. माझ्या दीड हातात पाचाच्या पुढे जाता येत नसे.

आदल्या वर्षी पाऊस झाला नाही आणि मार्च उजाडला तेव्हा तळं पूर्ण कोरडं होतं. मी संध्याकाळी त्यात फिरायला जायला लागले. राखी रंगाची, भेगाळलेली, पार पलीकडच्या बांधापर्यंत सपाट जमीन. तिच्यावर काहीही नव्हतं. आठवडाभर मी नुसती चालले. मग एका रात्री जेवताना ह्यांना विचारलं, "तुम्ही पंख खऱ्या मापात काढता, तेव्हा कागदापेक्षा वेगळं काय करावं लागतं?"

हे विचार करून म्हणाले, "काही नाही. जागा लागते. आणि गुडघे."

पुढच्या रविवारी मी ह्यांना तळ्यात नेलं आणि काय करायचं आहे ते सांगितलं. ह्यांनी "कशाला?" असं विचारलं नाही, "ठिपक्यांत अंतर किती?" असं विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी जे जे केलं, त्यात हा प्रश्न मी बराच वर धरते. वीस फूट ठरलं. त्या दिवशी आम्ही दोरी आणि लाकडी खुंट्या घेऊन मधली ओळ आखली. काटकोन ह्यांनी दोरीला गाठी मारून काढला. सूर्य डोक्यावर आला तरी थांबले नाहीत. ओळ चार बोटं सरकली आहे असं वाटून त्यांनी ती पुन्हा आखली. मी म्हटलं, चार बोटांनी काय होतं. ते म्हणाले, "विमान पडतं."

आधी मी कोरड्या पिठीने रेघ काढून पाहिली. दुपारी वारा सुटला आणि दोन ओळींचं काम बांधापलीकडे गेलं. मग ह्यांच्या सांगण्यावरून फावड्याने वीतभर रुंद, दोन बोटं खोल चर काढायचा आणि त्यात भिंती सारवायची पांढरी माती कालवून भरायची, असं ठरलं. ती माती बांधाच्या मागच्या उतारावर हवी तेवढी मिळत होती. वाळली की चुन्यासारखी शुभ्र दिसे. खुंट्यांभोवती तिचेच गाडीच्या चाकाएवढे ठिपके घातले. कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला, हे सायकलवर गेले, की मी फावडं आणि बुट्टी घेऊन निघायची. उन्हं तापली की परत. अक्का रोज बांधावर छत्री घेऊन बसत आणि कागदावरची रांगोळी पाहून मला ओरडून सांगत, "आता एडक्के वळ. एडक्के म्हंजे डावीकडं. स्वल्प अजून." एवढ्या मोठ्या रेघेवर उभं राहिलं की आपण कुठे आहोत तेच कळत नाही. पायाखाली नुसता एक पांढरा पट्टा असतो. रांगोळी अक्कांच्या हातातल्या कागदावर होती. मी तिच्यातली मुंगी होते.

दुसऱ्या आठवड्यात नीरगंटी आला. तळ्याच्या पाण्यावर देखरेख करणारा, शेतांना पाणी सोडणारा जो गावचा माणूस असतो, त्याला इथे नीरगंटी म्हणतात. पाणीच नसल्यामुळे त्या वर्षी तो मोकळा होता. त्याने दोन दिवस लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, याने पाऊस येईल का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हे कशासाठी?"

"नुसतंच."

त्याने चरातली ओली माती बोटाने चाचपून पाहिली. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी गावातल्या सहा बायका बुट्ट्या घेऊन आल्या. पावसासाठी पूजा चालली आहे असं त्यांना कळलं होतं. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांना सांगितलं, पूजा नाही, पाऊस येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माती भरायला लागल्या. मी अक्कांना बांधावरून खाली बोलावून पुन्हा नीट सांगायला लावलं. अक्कांनी सांगितलं. त्यातली थोराड बाई म्हणाली, "पूजा करणारे असंच म्हणतात." अक्का छत्री उचलून बांधावर परत गेल्या. बायका तीन आठवडे आल्या. त्यांच्याशिवाय माझं काम पुरं झालं नसतं, म्हणून मी पुन्हा काही म्हटलं नाही. याची मला थोडी लाज वाटते.

एप्रिलमध्ये रेघ मैलभर फिरून सुरुवातीच्या खुंटीला येऊन मिळाली. बायकांनी मधल्या ठिपक्यावर नारळ फोडला. मी आणि अक्का बांधावर चढून पाहायला गेलो. बांध जेमतेम पुरुषभर उंच. वरून ती रांगोळी वाळत टाकलेल्या शेवयांसारखी दिसत होती, आणि लांबची बाजू तर एकच पांढरी रेघ.

"चांगली झाली असणार," अक्का म्हणाल्या.

मीही तसंच म्हटलं. घरी येऊन मी अंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

आमच्या डोक्यावरून रोज कारखान्याची विमानं चाचणीसाठी जात. ती इतकी सवयीची होती की आम्ही वर पाहत नसू. विमानातून कुणी खाली पाहत असेल हे माझ्या मनात आलं नाही. रांगोळी पुरी झाल्यावर चौथ्या दिवशी बांधावर एक जीप उभी राहिली. तिच्यातून सुरक्षा खात्याचे एक अधिकारी उतरले. सैन्यातून निवृत्त झालेले, उत्तरेकडचे, मिशा नीट कातरलेल्या. त्यांनी ठिपके मोजले. मग पुन्हा मोजले. नीरगंटीला विचारलं तेव्हा त्याने पाऊस येणार असल्याचं सांगितलं आणि आमच्या घराकडे बोट दाखवलं. मी त्या वेळी बाजारात गेले होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना कारखान्यात बोलावणं आलं. लढाईत दिवे बंद करून बसलेले दिवस लोक अजून विसरले नव्हते. धावपट्टीच्या जवळ आकाशातून दिसणारी, मोजून मारलेल्या एकशे तेरा ठिपक्यांची खूण कुणी आणि कशासाठी केली, असा प्रश्न होता. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी काढली म्हणून सांगितलं. आखणीचा सराव म्हणून. लिहून दिलं."

मी भाकरी वाढली. दुसरी वाढली. मग म्हटलं, "ती तुम्ही काढलेली नाही."

"तुला तिथे बोलावलं असतं. चारचौघांत नको ते विचारलं असतं."

"विचारू द्यायचं. मला येतं सांगता."

"नोकरीचा प्रश्न आहे गं."

"तो तुमच्या नोकरीचा. रांगोळी माझी आहे."

ह्यांनी भाजी मागितली नाही आणि मी विचारली नाही. आम्ही सहसा भांडत नसू, त्यामुळे ते कसं करायचं हे दोघांनाही फारसं ठाऊक नव्हतं. मला राग कसला आला होता ते मी तेव्हा सांगू शकले नसते. ते माझ्यासाठीच खोटं बोलले होते. पण शाळेत मला श्रेणी मिळाली होती, त्या कागदावर वडिलांचं नाव माझ्या नावाच्या पुढे होतं. लग्नानंतर माझं नावच बदललं. दीड हाताच्या रांगोळीवर कुणी सही करत नाही. ही मात्र मैलभर होती, आणि सरकारी कागदावर ती आता दुसऱ्या कुणाची होती.

सकाळी हे गेल्यावर मी इरकली नेसले आणि चालत कारखान्याच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने कुणाला भेटायचं आहे असं विचारलं. मी म्हटलं, "तळ्यातली रांगोळी माझी आहे, असं आत सांगा." त्याने ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं. अर्धा तास बाकावर बसले. मग मला आत नेलं.

अधिकारी टेबलामागे बसले होते. खिडकीपाशी खुर्चीवर आणखी एक गृहस्थ होते, त्यांची ओळख नंतर कळली. अधिकारी हिंदीत बोलत आणि मी शाळेतल्या हिंदीत.

"आपल्या मिस्टरांनी लिहून दिलं आहे की खूण त्यांनी केली."

"त्यांनी दोन रविवार दोरी धरली. बाकी मी केलं."

"ठिपके पंधराच का?"

"सतरा बसले नसते. पलीकडे बांध आहे."

त्यांनी लिहून घेतलं. "उद्देश?"

"काही नाही."

"बाई, इथे रकाना आहे. रिकामा ठेवता येत नाही. धार्मिक लिहू?"

"नाही. धार्मिक नाही."

"गावकरी पाऊस म्हणतात."

"मी त्यांना दोनदा नाही म्हणून सांगितलं आहे."

"सराव?"

"मिस्टरांना सरावाची गरज नाही. ते चांगलं आखतात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते रागावलेले नव्हते. त्यांना पुष्कळ माणसं खोटी कारणं देणारी भेटली असतील. कारणच नसलेलं माणूस बहुधा पहिलंच. मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि एकशे तेरा ठिपके मारून, हात न उचलता रेघ काढून दाखवली. ते शेवटपर्यंत पाहत राहिले. टेबलावरचा त्यांचा चहा गार झाला.

मग खिडकीपाशी बसलेले गृहस्थ उठून आले. ज्यांनी ही खूण वरून पाहून कळवली होती, ते वैमानिक हेच. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. विमानातून उतरल्यावर त्यांनी आठवणीने जे काढलं होतं, ते त्यात होतं. त्यांचा हात चित्रकलेचा नव्हता. वळसे बटाट्यांसारखे झाले होते. पण ते वरून पाहिलेलं होतं. माझी रांगोळी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या कागदावर, आणि मी तो त्यांच्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. अधिकाऱ्यांना ते संशयास्पद वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा पेन उचललं.

"हा एक ठिपका," वैमानिक बोट ठेवून म्हणाले, "पूर्वेकडच्या टोकाला. हा एकटा बाहेर आहे. मुद्दाम का?"

मी माझा कागद पाहिला. त्यात तो आत होता. "नाही," मी म्हटलं. "ती चूक आहे."

"मग खूण नाही ही," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "खूण करणारे चुकत नाहीत. शौक लिहा."

अधिकाऱ्यांनी 'शौक' लिहिलं. तो शब्द मला पुरता पटला नाही, पण खोटा नव्हता, म्हणून मी सही केली. काढणाऱ्याचं नाव या रकान्यात माझं नाव आलं. ती खूण किती दिवसांत काढून टाकणार, हेही त्यांना लिहून हवं होतं. मी सांगितलं, तळं आटलं की दर वेळी गावकरी गाळ न्यायला गाड्या घालतात, त्यात ती जाईल. त्यांनी ते लिहिलं आणि फाईल बंद केली.

ह्यांना मात्र खोटं निवेदन दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं.

"नाही," हे म्हणाले. "ताकीद बरोबर आहे. मी खोटं बोललो होतो." जरा वेळाने म्हणाले, "पूर्वेकडच्या टोकाला चुकलं कसं? खुंट्या तर बरोबर होत्या."

"त्या दिवशी अक्कांना डुलकी लागली होती."

त्या वर्षी त्यांची बढती झाली नाही. ताकिदीमुळे की आणखी कशामुळे, ते कळलं नाही.

तो ठिपका मी दुरुस्त केला. जुना चर बुजवायचा, नवा काढायचा, दोन सकाळी गेल्या. ते वैमानिक तोवर दुसऱ्या गावी बदलून गेले होते, त्यामुळे बरोबर झाला की नाही हे सांगायला कुणी नव्हतं. आठवड्याने गाड्या आल्या. वीस-पंचवीस बैलगाड्या एकामागोमाग तळ्यात उतरल्या. गाळ शेतात टाकला की रागी, म्हणजे आपली नाचणी, चांगली येते. माझ्याबरोबर माती भरणाऱ्या बायकाच आता ती फावड्यांनी उचलत होत्या, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी पहिले दोन दिवस घरातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेले आणि गाड्या भरू लागले. नुसतं पाहण्यापेक्षा ते सोपं होतं. सहाव्या दिवशी तिथे खड्डे आणि चाकोऱ्या तेवढ्या राहिल्या.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. गावाने त्याचं श्रेय मला दिलं आणि नीरगंटीने अवजड असा एक फणस आणून दिला. मी नको म्हणून सांगितलं. फणस ठेवून तो निघून गेला.

पुढे दोन वर्षांनी आम्ही बनशंकरीच्या बाजूला राहायला गेलो. तिकडे तेव्हा शेतं आणि मोठमोठे उघडे खडक होते. एका डिसेंबरात ह्यांनी मला एक कापणी झालेलं रान दाखवलं. त्याच्या कडेला दोन मजले उंच खडक होता. ह्यांनी आधीच येऊन त्याची उंची मोजली होती आणि शेतमालकाला विचारूनही ठेवलं होतं. रागीची काडं मिळत होती. चार रविवारी आम्ही दोघांनी सात ठिपक्यांची रांगोळी काढली. हे गुडघ्यांवर बसून काडं नीट लावत होते. बूट त्यांनी सवयीने काढून ठेवले होते.

शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही खडकावर चढलो. खालची रांगोळी टोकापासून टोकापर्यंत दिसत होती. आम्ही डबा उघडला. मग रानाच्या पलीकडून शेळ्या आल्या आणि कडेपासून काडं खायला लागल्या. त्यांना हाकलायला खाली उतरावं असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. जेवण होईपर्यंत त्यांनी दोन ओळी संपवल्या.